ब्रूनो चुकला असता तर?

रोमच्या चर्चने विसाव्या शतकाच्या अखेरीस दोन जुनी खाती पुन्हा उघडली. १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी गॅलिलिओच्या खटल्यात चर्चच्या न्यायाधीशांची चूक झाली, हे जाहीरपणे मान्य केले. त्यानंतर आठ वर्षांनी, जिओर्दानो ब्रूनोला रोममध्ये जिवंत जाळल्याला चारशे वर्षे झाली. तेव्हा व्हॅटिकनचे राज्यसचिव कार्डिनल आंजेलो सोदानो यांनी त्या मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला; पण ब्रूनोचे विचार ख्रिस्ती सिद्धान्ताशी जुळणारे नव्हते, हेही त्याच पत्रात नोंदवून ठेवले. गॅलिलिओच्या पदरी चुकीची कबुली पडली, ब्रूनोच्या पदरी हळहळ. दोघांत फरक काय? गॅलिलिओचे म्हणणे पुढे खरे ठरले. ब्रूनोचे सगळेच खरे ठरले नाही, आणि त्याच्यावरचे बरेचसे आरोप असे होते की त्यांची शहानिशा करणारी दुर्बीण अजून कोणी बनवलेली नाही.

हे माप एकट्या व्हॅटिकनचे असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. ब्रूनोचे चाहतेही तेच माप वापरतात. विश्व अनंत आहे, तारे म्हणजे दूरचे सूर्य आहेत, त्यांच्याभोवती पृथ्वीसारखी जगे फिरतात, हे त्याने सांगितले. आज ते खरे ठरले. म्हणून त्याला जाळणे हा घोर अन्याय, असा हा युक्तिवाद. तो ऐकायला बरा वाटतो, पण त्यात एक घातकी गृहीत दडलेले आहे. ब्रूनो चुकला असता तर? मग ती चिता क्षम्य ठरली असती काय?

हा प्रश्न टाळता यावा म्हणून ब्रूनोला इतके घासूनपुसून घेतले आहे की मूळचा माणूस ओळखू येत नाही. तो नेपल्सजवळच्या नोला गावात १५४८ मध्ये एका सैनिकाच्या घरी जन्मला. बाप्तिस्म्याचे नाव फिलिप्पो. जिओर्दानो हे मठातले. जन्मभर तो स्वतःला ‘नोलाकर’ म्हणवीत असे. घराजवळच्या चिकाला डोंगरावरून त्याला लहानपणी दूरचा वेसुवियस उघडाबोडका दिसे. प्रत्यक्ष तिथे गेला तर डोंगर द्राक्षमळ्यांनी भरलेला, आणि मागे वळून पाहिले तर आपला चिकालाच उजाड. ही आठवण त्याने पुढे लॅटिन काव्यात लिहून ठेवली. आपण उभे असू तिथेच जगाचा मध्य आहे असे प्रत्येकाला वाटते, ही त्याच्या पुढच्या विश्वविचाराची गुरुकिल्ली त्या दोन डोंगरांमध्ये सापडते.

सतराव्या वर्षी तो नेपल्सच्या सान दोमेनिको माज्जोरे मठात डॉमिनिकन संन्यासी म्हणून दाखल झाला. बुद्धी तल्लख, स्मरणशक्ती अचाट आणि जीभ बेलगाम. खोलीतली संतांची चित्रे त्याने काढून टाकली, फक्त क्रूस ठेवला. बंदी असलेला इरॅस्मस तो चोरून वाचत असे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर, या त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दलच्या शंका त्याने दडवल्या नाहीत. चौकशी मागे लागली तसा १५७६ मध्ये तो पळाला. तिथून पुढची पंधरासोळा वर्षे तो युरोपभर फिरत राहिला.

या भटकंतीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याचे फक्त पोपशी वाकडे होते असे नाही. १५७९ मध्ये कॅल्व्हिनच्या जिनिव्हात त्याने एका नामांकित प्राध्यापकाच्या एकाच व्याख्यानातल्या चुकांची यादी छापून वाटली. तो स्वतः आणि छापणारा, दोघेही अटकेत गेले. माफी मागितल्यावरच त्याच्यावरचा बहिष्कार उठला. जर्मनीत विटेनबर्गच्या लुथरपंथीयांनी त्याला शिकवू दिले आणि निघताना त्याने त्यांचे तोंडभरून कौतुकही केले. पण १५८९ मध्ये हेल्मश्टेटच्या लुथरपंथीयांनी त्याला बहिष्कृत केले. म्हणजे त्या काळच्या पश्चिम युरोपातल्या तिन्ही मोठ्या पंथांनी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. यात पंथांच्या असहिष्णुतेचा वाटा आहे, तसा ब्रूनोच्या स्वभावाचाही आहे. कॅल्व्हिनपंथीयांबद्दल त्याने जे जहाल लिहिले ते वाचले, तर सहिष्णुतेचा संत म्हणून त्याची पूजा बांधणे कठीण जाते.

तो वैज्ञानिक होता काय? आजच्या अर्थाने नव्हता. आकाशाचे पद्धतशीर वेध त्याने घेतले नाहीत, गणिताशी त्याचे फारसे जमले नाही. १५८४ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या ‘राखेच्या बुधवारचे जेवण’ या संवादात कोपर्निकसच्या आकृतीवरून झालेला एक वाद त्याने स्वतःच रंगवला आहे. आकृतीतला अमुक बिंदू म्हणजे पृथ्वी, असे ऑक्सफर्डचा पंडित म्हणतो. ब्रूनो उसळून सांगतो की ती कंपासच्या टोकाची खूण आहे; पृथ्वी आणि चंद्र दोघे एकाच लहान वर्तुळावर फिरतात. त्या मुद्द्यावर पंडित बरोबर होता आणि ब्रूनो चूक. कोपर्निकसच्या बाजूने लढायला निघालेल्या या योद्ध्याने कोपर्निकसचे चित्रच नीट वाचले नव्हते.

आणि तरीही, कोपर्निकसला जे दिसले नाही ते या माणसाला दिसले. १५४३ च्या ग्रंथात कोपर्निकसने सूर्य मध्यभागी आणला, पण सगळ्याभोवती ताऱ्यांचा गोल तसाच ठेवला. ब्रूनोने तो गोल फोडला. सूर्य हा असंख्य ताऱ्यांपैकी एक. तारे हेच सूर्य, आणि त्यांच्याभोवती पृथ्व्या. त्या आपल्याला दिसत नाहीत, कारण त्या लहान आणि स्वतःचा उजेड नसलेल्या आहेत. आपल्याच सूर्याभोवतीही अजून न दिसलेल्या पृथ्व्या असू शकतील, असे त्याने लिहिले. युरेनस सापडायला त्यानंतर १७८१ साल उजाडले. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये सापडला आणि आज अशा परक्या ग्रहांची नोंद पाच हजारांच्या पुढे गेली आहे.

पण हे त्याला कशावरून सुचले? वेधांवरून नाही. ईश्वर अनंत आहे, तर त्याची निर्मिती आखूड कशी असेल, या तर्कावरून. अनंत कारणाचे कार्य अनंतच असले पाहिजे. शिवाय सर्व पदार्थांत एकच चैतन्य खेळते, ग्रहतारे सजीव आहेत, आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, असे त्याचे मत. स्मरणविद्येवर तर त्याने ग्रंथच लिहिले. फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री त्याच विद्येमुळे त्याच्यावर खूश झाला. जादूविद्येवरही त्याचे लेखन आहे. ब्रूनोला समजून घ्यायचे तर त्याला इजिप्तच्या गूढविद्येचा पुजारी म्हणूनच पाहावे लागेल, असे इंग्रज विदुषी फ्रान्सेस येट्स यांनी १९६४ मध्ये ठासून मांडले. तो निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांना एकांगी वाटला. पण तेव्हापासून ब्रूनोला प्रयोगशाळेचा पांढरा अंगरखा घालणे अवघड झाले, हे मात्र खरे.

तेव्हा त्याच्या विचारातले ‘बरोबर’ आणि ‘चूक’ वेगळे कसे काढणार? अनंत विश्वाची कल्पना ज्या ईश्वरविचारातून आली, त्याच विचारातून त्रैक्यावरची शंकाही आली. पाखंड कापून काढले असते तर खगोलही हाती उरले नसते. मिगेल सेर्वेतचेही असेच. फुप्फुसांतून रक्त कसे फिरते याचे वर्णन त्याने ज्या ग्रंथात केले, तो ग्रंथ धर्मशास्त्राचा होता आणि त्रैक्य नाकारणारा होता. १५५३ मध्ये जिनिव्हात कॅल्व्हिनच्या संमतीने त्याला जाळले. नवा विचार एकटा जन्माला येत नाही. दहा खुळ्या विचारांच्या गर्दीत तो येतो आणि त्यातला कोणता तगणार, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते, खुद्द विचार करणाऱ्यालाही नाही. म्हणूनच ‘खरे असेल तर बोलू देऊ’ ही अट म्हणजे बोलण्यावरची बंदीच होय.

आता खटल्याकडे वळू. जिओव्हान्नी मोचेनिगो या व्हेनिसच्या उमरावाने स्मरणविद्या शिकण्यासाठी ब्रूनोला बोलावून घेतले आणि मनासारखे हाती लागत नाही असे दिसताच मे १५९२ मध्ये त्याला चर्चच्या धर्मन्यायसभेच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या ताब्यात दिले. इटलीत परतलेल्या ब्रूनोची पादुआ विद्यापीठातल्या गणिताच्या रिकाम्या जागेवर नजर होती. ती त्याच वर्षी गॅलिलिओला मिळाली. व्हेनिसच्या चौकशीत ब्रूनोने गुडघे टेकून क्षमा मागितली, हे त्याच्या पोवाड्यांतून गाळले जाते. गाळण्याचे काही कारण नाही. जीव वाचवण्याची इच्छा हा गुन्हा नव्हे. फेब्रुवारी १५९३ मध्ये त्याची रवानगी रोमला झाली आणि तिथे तो सात वर्षे कोठडीत राहिला. जानेवारी १५९९ मध्ये धर्मपंडित रॉबर्ट बेलार्मिन यांच्या पुढाकाराने आठ विधानांची यादी त्याच्यासमोर ठेवण्यात आली: ही नाकार आणि सूट. तो वर्षभर घोळत राहिला. कधी तयार झाला, कधी हरकती काढल्या. अखेर २१ डिसेंबर रोजी त्याने सांगितले की माघार घ्यावी असे आपल्यापाशी काही नाही.

८ फेब्रुवारी १६०० रोजी निकाल वाचला गेला. त्यात ब्रूनोला रोमच्या गव्हर्नरच्या हवाली करताना विनंती केली आहे की शिक्षा सौम्य असावी, जिवाला किंवा अवयवाला धोका नसावा. ही ठरावीक भाषा होती आणि तिचा अर्थ सर्वांना माहीत होता. शाई चर्चची, सरपण सरकारचे, आणि हात दोघांचेही स्वच्छ. निकाल ऐकून ब्रूनो न्यायाधीशांना म्हणाला की हा निकाल सुनावताना कदाचित तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त भीती वाटत असेल. त्या वेळी रोममध्ये असलेल्या कास्पर शोप्पे या जर्मनाच्या पत्रातून हे कळते, आणि शोप्पे ब्रूनोचा पाठीराखा नव्हता. १७ फेब्रुवारीला पहाटे काम्पो दे फ्योरी या बाजारचौकात त्याला नेले ते जीभ जखडून. जाळायला निघालेल्यांनाही त्याच्या बोलण्याचा धाक होता.

त्यानंतर सुरू झाला आरोपपत्राचा वाद, तो आजतागायत चालू आहे. नेपोलियनने पोपचे दप्तर पॅरिसला हलवले आणि त्याच्या पाडावानंतर इन्क्विझिशनचे कितीतरी कागद रद्दीच्या भावाने गेले. ब्रूनोची मूळ मिसल त्यातच गेली. १९४० मध्ये व्हॅटिकनचे दप्तरदार आंजेलो मेर्काती यांना खटल्याचा गोषवारा सापडला, तो १९४२ मध्ये छापला गेला. त्यात त्रैक्य, ख्रिस्ताचे अवतारित्व, मिस्साची भाकर, मरियेचे कौमार्य, आत्म्याचे देहांतर हे विषय आहेत, तसे अनेक जगांचे मतही आहे. शोप्पेच्या पत्रातही असंख्य जगांचा उल्लेख आहे. एवढ्या सामग्रीवर दोन पक्ष लढतात. एक पक्ष म्हणतो, त्याला विज्ञानासाठी जाळले. दुसरा म्हणतो, छे, विज्ञानाचा काय संबंध, त्याला धर्मशास्त्रातल्या पाखंडासाठी जाळले. आणि हे असे सांगतो की जणू त्याने ओझे हलके झाले!

पहिल्या पक्षाला तारखा आडव्या येतात. कोपर्निकसच्या ग्रंथावर रोमने बंदी घातली ती १६१६ मध्ये, ब्रूनोच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. त्यामुळे आपल्याकडच्या व्याख्यानांतून येणारे ‘पृथ्वी फिरते म्हणाला म्हणून ब्रूनोला जाळले’ हे वाक्य टिकत नाही. निकोलस ऑफ कुसाने १४४० मध्येच विश्वाला मध्य नाही असे लिहिले होते. तो पुढे कार्डिनल झाला. टॉमस डिग्ज या इंग्रजाने १५७६ मध्ये तारे अनंत अवकाशात विखुरले. त्याला कोणी हात लावला नाही. दुसऱ्या पक्षाला मात्र एकच प्रश्न पुरतो: मरियेच्या कौमार्याबद्दल शंका घेणाऱ्याला जाळणे, हे सूर्याच्या जागेबद्दल शंका घेणाऱ्याला जाळण्यापेक्षा कमी भीषण कसे? आरोप कोणता होता, हा इतिहासकारांचा महत्त्वाचा प्रश्न आहे. त्या आरोपावर चूल पेटवण्याचा अधिकार न्यायसभेला होता काय, हा त्याआधीचा प्रश्न आहे.

काळच तसा होता, अशी एक सारवासारव यावर नेहमी होते. काळ तसा होता खरा. १५८९ मध्ये प्रॉटेस्टंट इंग्लंडनेही फ्रान्सिस केटला पाखंडी म्हणून नॉरिचला जाळले. पण त्याच काळात उलटे बोलणारेही होते. सेर्वेतला जाळल्यावर सेबास्तियन कास्तेलियोने बाझलमध्ये बसून कॅल्व्हिनविरुद्ध लेखणी उचलली आणि मतासाठी देहदंड देण्याचा अधिकारच नाकारला. सेर्वेतची मते बरोबर होती, असा त्याचा दावा नव्हता. म्हणजे हा विचार सोळाव्या शतकाला सुचण्याजोगा नव्हता असे नाही. सुचला होता, मांडला होता, आणि सत्ताधाऱ्यांनी तो बाजूला सारला होता.

मराठी आणि कोकणी वाचकाला हा मुद्दा पटवायला रोमला जाण्याचीही गरज नाही. गोव्यात पोर्तुगिजांचे इन्क्विझिशन १५६० मध्ये बसले आणि मधली थोडी वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. ते रोमच्या नव्हे, पोर्तुगालच्या हुकमतीखालचे; पण घडण त्याच मुशीतली. १७३६ च्या फर्मानाने त्याने नवख्रिस्ती घरांतल्या ज्या चालींवर बंदी घातली त्यांत अंगणात तुळस लावणे होते, मिठावाचून भात शिजवणे होते. आता सांगा, तुळस लावणारी बाई बरोबर होती की चूक? तिने विश्वाबद्दल कोणताही सिद्धान्त मांडला नव्हता. चारशे वर्षांनी कोणतीही दुर्बीण येऊन तिची बाजू सिद्ध करणार नव्हती. ‘भविष्याने ज्याला खरे ठरवले त्याच्यावर अन्याय झाला’ या न्यायाने तिच्यावर अन्याय झालाच नाही! ब्रूनोच्या बचावाची नेहमीची पद्धत किती तोकडी आहे, हे त्या तुळशीपाशी कळते.

ब्रूनोचा पुतळा काम्पो दे फ्योरीत ९ जून १८८९ रोजी उभा राहिला. शिल्पकार एत्तोरे फेरारी. पुतळा उभारणाऱ्या समितीला पाठिंबा देणाऱ्यांत व्हिक्तोर ह्यूगो, इब्सेन आणि हर्बर्ट स्पेन्सर होते. ज्याच्या ग्रंथांवर पुण्यात आगरकरांचा पिंड पोसला, तोच हा स्पेन्सर. पोपची राजसत्ता जाऊन एकोणीस वर्षे झाली होती, आणि नव्या इटलीला पोपच्या डोळ्यांत सलेल असे काही हवेच होते. पोप तेराव्या लिओंनी कडाडून निषेध केला. दुसरीकडे बेलार्मिन यांना १९३० मध्ये चर्चने संतपद दिले. दोन्ही बाजूंनी आपापला माणूस उंच चौथऱ्यावर चढवून ठेवला, आणि चौथऱ्यावरच्या माणसाशी वाद घालता येत नाही. ब्रूनोला तर वादाशिवाय दुसरे काही येत नव्हते.

ब्रूनोचा वारसा ग्रहांच्या यादीत शोधू नये, असे आमचे म्हणणे आहे. ती यादी वाढवण्याचे श्रेय वेध घेणाऱ्यांचे, भिंगे घासणाऱ्यांचे. केप्लरने १६१० मध्ये गॅलिलिओला ब्रूनोचे ऋण मान्य न केल्याबद्दल टोचले खरे, पण खुद्द केप्लरला ब्रूनोच्या अनंत विश्वाची धास्तीच वाटत असे. म्हणजे ब्रूनोशी मतभेद असणे हे अडाणीपणाचे लक्षण नव्हते. आजही तो परत आला आणि ग्रह सजीव असल्याचे सांगू लागला, तर सर्वांत आधी विवेकवादीच त्याची खिल्ली उडवतील. उडवावी. त्याला खोडून काढावे, त्याच्या व्याख्यानाला जाऊ नये, त्याला प्राध्यापकी नाकारावी. मतस्वातंत्र्याची कसोटी एवढीच की हे सारे झाल्यावर तो संध्याकाळी घरी परतून आपल्याविरुद्ध पुस्तक लिहू शकला पाहिजे.

ऑक्सफर्डमध्ये १५८३ च्या उन्हाळ्यात नेमके हेच घडले. ब्रूनोने तिथे व्याख्याने दिली. पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेला जॉर्ज ॲबट याने लिहून ठेवले आहे की पृथ्वी कसली फिरते, या बुटक्या इटालियनाचेच डोके फिरत होते. शिवाय व्याख्याने फिचिनो या इटालियन तत्त्वज्ञाच्या ग्रंथातून उचललेली निघाली. ब्रूनोचा तिथला मुक्काम आटोपला. त्याने लंडनला जाऊन ऑक्सफर्डच्या पंडितांची पुस्तकात यथेच्छ टिंगल केली. पृथ्वी स्थिर मानणारे ऑक्सफर्डचे पंडित चुकले होते. रोमचे न्यायाधीशही चुकले. पण ऑक्सफर्डची चूक पुढच्या वर्षी छापखान्यात तपासता आली. रोमने आपली चूक तपासायला माणूसच मागे ठेवला नाही.